फेकून द्यायच्या भागात एका अक्षराची चूक: रिपोर्ट कोणी समजावून सांगेल का?

चर्नीरोडचा
बुधवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मामेबहिणीचं लग्न ठरलंय. मुलगा ठाण्याचा, माणसं चांगली. बोलणी झाल्यावर मुलाकडच्यांनीच सुचवलं की दोघांची थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घेऊ. मामी जरा दुखावली होती, पण मुलाची आत्या नर्स आहे, तिने मामीला स्वयंपाकघरात नेऊन नीट समजावलं. बहिणीचा एचबी ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.४ टक्के आला, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. मुलाचा रिपोर्ट अजून यायचाय. दरम्यान हिची जनुकीय तपासणीही झाली आणि त्या कागदावर एकच ओळ ठळक आहे: बीटा ग्लोबिन, आयव्हीएस १-५, जीच्या जागी सी, हेटेरोझायगस.

नेटवर शोधलं. आयव्हीएस म्हणजे जनुकाच्या मधे येणारा तुकडा, त्यालाच इंट्रॉन म्हणतात आणि पेशी तो कापून फेकून देते, एवढं कळलं. इथेच माझी गाडी अडली. फेकूनच द्यायचाय तर त्यात जी असला काय नि सी असला काय? रद्दीतल्या कागदावरचं शुद्धलेखन कोणी तपासतं का?

मी कॉमर्सवाला, बायॉलॉजी दहावीत सुटलं. पण मामीने "तू सारखा नेटवर असतोस ना, मग शोध" म्हणून हे माझ्या गळ्यात घातलंय. सोप्या भाषेत सांगा.

तिसरी_शिफ्ट
बुधवार, रात्री ११.३५

मी लॅबमध्येच आहे, परळला. आधी कामाचं सांगते, ज्ञान नंतर येईल.

तुमची बहीण आजारी नाही, मायनर म्हणजे वाहक. हेटेरोझायगस म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच चूक. मुलगा वाहक नसेल तर मुलांपैकी कुणालाही या कारणाने मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, होणार नाही, फार तर मायनर होईल. दोघंही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. "पहिलं नीट झालं म्हणजे दुसरंही" असं नसतं, दर खेपेला नव्याने २५ टक्के. तसं निघालं तरी लग्न मोडायची गरज नाही. गर्भाची तपासणी साधारण १०-१२ आठवड्यांच्या सुमारास होऊ शकते, फक्त समुपदेशकाला वेळेत भेटायचं. केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, तिचं कामच हे.

आणि १-५ नाव बघून घाबरू नका. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या ज्या चुका सापडतात त्यांत हीच सगळ्यांत जास्त दिसते. आमच्याकडे हा कागद आला की कोणी मानही वर करत नाही.

"फेकायच्या भागातली चूक का नडते" ते मास्तर सांगतील. मास्तर, आहात का जागे?

कोथिंबीर_जुडी
बुधवार, रात्री ११.४१

मास्तर साडेनऊला झोपतात. सकाळी पाचला निबंध येईल बघा.

जुना_मास्तर
गुरुवार, पहाटे ५.१०

आला निबंध.

चर्नीरोडचा, तुमची शंका अगदी रास्त आहे. छत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, दर वर्षी मुलं पाठ करायची की इंट्रॉन कापतात आणि एक्सॉन, म्हणजे कामाचे तुकडे, जोडतात. पण "कुठे कापायचं हे पेशीला कळतं कसं?" असं विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तुमच्या शंकेचं उत्तर त्याच प्रश्नात आहे.

रक्त लाल करणारं हिमोग्लोबिन. त्याचा एक भाग म्हणजे बीटा ग्लोबिन. त्याची कृती डीएनएत रासायनिक अक्षरांनी लिहिलेली, डीएनए केंद्रकात कुलूपबंद. अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होत असताना या कृतीची आरएनएमध्ये नक्कल काढली जाते. ही नक्कल कच्ची असते. बीटा ग्लोबिनची कच्ची नक्कल साधारण १,६०० अक्षरांची. तिच्यात कामाचे तीन तुकडे आणि मधे दोन अडथळे, पहिला १३० अक्षरांचा, दुसरा ८५० चा. म्हणजे ९८० अक्षरं कापली जातात आणि उरलेली सव्वासहाशेच्या आसपास बाहेर जातात. निम्म्याहून जास्त कात्रण! आणि हे जनुक तसं लहानखुरंच. स्नायूंतल्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक २२ लाखांहून जास्त अक्षरांचं आहे. एक नक्कल पुरी व्हायला सुमारे १६ तास लागतात आणि शेवटी हाती लागतो तो १४ हजार अक्षरांचा संदेश.

नक्कल निघतानाच बाकीचे संस्कारही होतात. सुरुवातीच्या टोकाला उलटं लावलेलं एक रासायनिक टोपण बसतं, त्याने ते टोक कुरतडलं जात नाही. शेवटच्या टोकाला एएयूएएए ही खूण दिसली की तिच्यापुढे दहा-तीस अक्षरांवर नक्कल तोडली जाते आणि तिथे दोनेकशे ए-ए-ए-ए ची शेपटी लागते. टोपण आणि शेपटी असल्याशिवाय त्या कागदाला बाहेर कोणी विचारत नाही.

आता कापाकापी. इंट्रॉन जवळजवळ नेहमी जीयू या दोन अक्षरांनी सुरू होतो आणि एजीने संपतो. पण आरएनएत जीयू पावलोपावली सापडतात. म्हणून पेशी जीयूच्या पुढची तीन-चार अक्षरंही बघते. आदर्श खूण आहे जीयूएएजीयू. तुमच्या बहिणीच्या रिपोर्टातलं "१" म्हणजे पहिला इंट्रॉन आणि "५" म्हणजे याच खुणेतलं पाचवं अक्षर.

इंट्रॉन फेकला जातो हे खरं, पण कुठे कापायचं ते त्याच्यावरच लिहिलेलं आहे. आता दूध आणायला जातो, पुढचं संध्याकाळी.

शिवणयंत्र
गुरुवार, सकाळी ९.१५

मास्तर, हे माझ्या धंद्यातलंच निघालं! आई लालबागच्या चाळीत ब्लाऊज शिवायची, आता मी शिवते. गळ्याचा आकार काढताना खडूची रेघ कापडावर ओढतो, पण पाठ-पोट जुळवायच्या बारक्या खुणा मी कायम बाहेरच्या बाजूला, जे कापड कापून जाणार त्यावर करते, म्हणजे आतल्या कापडावर खडू राहत नाही. एकदा शिकाऊ मुलीने ती बाहेरची बाजू आधीच ओढून फेकली. गिऱ्हाईकाची पैठणी होती. पुढचं विचारू नका.

चर्नीरोडचा
गुरुवार, सकाळी ९.४०

शिवणताई, आता ट्यूब पेटली. पण मास्तर, सहा अक्षरांतलं एकच तर बदललं. पाच बरोबर आहेत ना? पाच खुणा दिसल्यावर कारागीर ओळखणार नाही का?

जुना_मास्तर
गुरुवार, संध्याकाळी ६.३०

ही शंका सकाळपासून डोक्यात होती. थोडं बारकाईने बघू, कागद-पेन्सिल घ्या.

खूण ओळखणारा कारागीर म्हणजे यू-१ नावाचा छोटा आरएनए, प्रथिनांच्या घोळक्यासकट. तो खूण डोळ्यांनी वाचत नाही, तिला स्वतःची अक्षरं चिकटवून बघतो. जीसमोर सी, एसमोर यू, ही जोडी ठरलेली. जीयूएएजीयू या आदर्श खुणेला यू-१ सहाच्या सहा ठिकाणी पक्का चिकटतो.

आपल्या बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनची सुरुवात मात्र आदर्श नाही. ती आहे जीयूयूजीजीयू. ताडून बघा: पहिलं जी जमलं, दुसरं यू जमलं, तिसरं नाही जमलं, चौथं ढिलंढालं, पाचवं जी जमलं, सहावं यू जमलं. म्हणजे निरोगी माणसातही ही गाठ सहापैकी चारच धाग्यांवर टिकलेली. आता पाचव्या जीच्या जागी सी ठेवा. यू-१ कडेही तिथे सीच. सीसमोर सी, जोडी जमत नाही. चारातले तीन धागे उरले. लोंबकळणारा डबा आणि त्यातली एक कडी निसटली, असं समजा.

मग यू-१ काय करतो? कधीमधी जुन्या जागी बसतो, म्हणून थोडंफार बरोबर ग्लोबिन तयार होतं. पण बऱ्याचदा तो आजूबाजूला दुसरा जीयू शोधतो. अशा तीन लपलेल्या जागा आहेत: दोन आधीच्या एक्सॉनमध्ये, एक इंट्रॉनमध्येच जरा आत. एरवी खरी खूण जवळच असल्याने त्यांना कोणी विचारत नाही. खरी खूण कमजोर पडली की यांचं फावतं.

यातली एक जागा खऱ्या जागेच्या बरोबर १६ अक्षरं आधी आहे. तिथे कापलं की कामाची १६ अक्षरं कात्रणात गेली. प्रथिनाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची, आणि सोळाला तीनने भाग जात नाही. त्यामुळे तिथून पुढचा प्रत्येक शब्द एका घराने सरकतो. "आई घरी आली" मधलं एक अक्षर खाऊन टाकलं आणि जागा तशाच ठेवून वाचलं तर "आघ रीआ ली", तसलं काहीतरी. त्यात लवकरच "थांबा" असा शब्द लागतो. पेशीत अशा अर्धवट संदेशांवर नजर ठेवणारी व्यवस्था आहे. जोडाच्या जागी प्रथिनांची एक गाठ खूण म्हणून राहिलेली असते. "थांबा" त्या गाठीच्या बऱ्याच आधी आला तर संदेश बिघडलेला समजून तो नष्ट केला जातो. परिणाम एकच, ग्लोबिन कमी.

जाता जाता: खरा छेदसुद्धा एका शब्दाच्या मधोमध पडतो. तिसाव्या शब्दाची दोन अक्षरं पहिल्या एक्सॉनच्या शेवटी आणि तिसरं दुसऱ्या एक्सॉनच्या सुरुवातीला. जोडणीत एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी सगळं मुसळ केरात.

कोथिंबीर_जुडी
गुरुवार, संध्याकाळी ७.०५

मास्तर, लोंबकळणारा डबा वगैरे नको हो. मी आत्ता दादरला चढतेय.

बाकी भारी. पण मग एक्सॉनमधल्या चुकीने पण कापायची जागा बदलू शकते का? म्हणजे कामाच्या भागातच खोटी खूण तयार झाली तर?

जुना_मास्तर
गुरुवार, रात्री ८.२०

होय! आणि त्याचं नामांकित उदाहरण याच जनुकात आहे. मी सांगितलेल्या १६ अक्षरं आधीच्या जागेवर एरवी जीयूजीएजीजी असं लिहिलेलं आहे. त्यातलं तिसरं अक्षर जी बदलून ए झालं की जीयूएएजीजी होतं, म्हणजे आदर्श खुणेच्या आणखी जवळ. यालाच हिमोग्लोबिन ई म्हणतात, ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये बरंच आढळतं. एका अक्षराने दोन गोष्टी होतात, अमिनो आम्ल बदलतं आणि खोटी खूणही जागी होते. नुसतं प्रथिनाचं वाचन केलं तर दुसरी गोष्ट दिसतच नाही.

शेवटच्या टोकालाही तसंच. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आयव्हीएस १-११० ही चूक जास्त. तिथे इंट्रॉनच्या पोटात जीचा ए होऊन नवा एजी तयार होतो आणि पेशी खऱ्या शेवटाऐवजी तिथेच कापते. म्हणजे १-५ मध्ये खरी खूण पुसट होते, १-११० मध्ये खोटी खूण उमटते. पुढे उपचाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

तिसरी_शिफ्ट
शुक्रवार, मध्यरात्री १२.१०

यू-१ वरून आठवलं. आमच्याकडे एएनए प्रोफाइल नावाची तपासणी असते, ल्युपससारख्या आजारात करतात. पट्टीवर ओळीने रेघा येतात, त्यातल्या दोन म्हणजे एसएम आणि आरएनपी. सात वर्षं मी त्या रेघा वाचून रिपोर्ट देत होते आणि त्या कशाच्या हे विचारलंसुद्धा नव्हतं. मग एका मॅडमनी सांगितलं की ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच स्प्लायसिंगच्या, म्हणजे या कापाजोडीच्या, यंत्राविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आरएनपी म्हणजे हाच तो यू-१ चा घोळका. १९८० च्या सुमारास जोन स्टाइट्झ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी रुग्णांच्या रक्तातली हीच प्रतिपिंडं गळासारखी वापरून हे छोटे आरएनए-प्रथिन घोळके पेशीतून बाहेर ओढले. कापणारा कोण, हे कळलं ते रुग्णांच्या रक्तामुळे.

त्या रात्रीपासून ती पट्टी हातात घेतली की वेगळंच वाटतं.

निळी_शाई
शुक्रवार, सकाळी ११.००

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: हे कापतात ते एखाद्या कात्रीसारखं प्रथिन असतं का? आणि जोडायला डिंक?

जुना_मास्तर
शुक्रवार, दुपारी ४.००

बाळबोध मुळीच नाही, यावर नोबेल आहे.

कात्री नाही आणि डिंकही नाही. दोन बंधांची अदलाबदल आहे. इंट्रॉनच्या शेवटाकडे, एजीच्या वीस-चाळीस अक्षरं अलीकडे, एक ए असतो. यू-२ त्याला असा धरतो की तो फुगून बाहेर येतो. तो ए इंट्रॉनच्या सुरुवातीच्या जीवर जाऊन चिकटतो, आणि त्याच क्षणी तो जी आधीच्या एक्सॉनपासून सुटतो. इंट्रॉनची झाली सरगाठ. मोकळं झालेलं पहिल्या एक्सॉनचं टोक दुसऱ्या एक्सॉनच्या सुरुवातीवर जाऊन बसतं, आणि सरगाठ गळून पडते. तोडणं हेच जोडणं. यू-४, यू-५, यू-६ हे बाकीचे कामगार.

यातली रासायनिक करामत करतो तो आरएनएच. हे शक्य आहे याचा पहिला धक्का १९८२ मध्ये थॉमस चेक यांनी दिला. टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाचा एक इंट्रॉन कुठल्याही प्रथिनाशिवाय आपला आपण कापला जातो असं त्यांना दिसलं. तोवर पेशीतलं काम करतात ती प्रथिनं, आरएनए नुसता निरोप्या, असं आम्हीही शिकवत होतो. चेक यांना सिडनी ऑल्टमन यांच्यासह १९८९ चं नोबेल मिळालं.

मुळात जनुक तुकड्यांत असतं हेच १९७७ पर्यंत माहीत नव्हतं. तोवरचा बराच अभ्यास जिवाणूंवर झालेला, आणि त्यांची जनुकं सहसा सलग. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन वेगळ्या गटांनी सर्दी-खोकला करणाऱ्या अॅडेनोव्हायरसचा आरएनए त्याच्याच डीएनएवर बसवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आरएनए सलग बसायला हवा होता. बसला, पण मधेमधे डीएनएचे मोकळे फुगे उभे राहिलेले! त्या फुग्यांना आरएनएत जोडीदारच नव्हता. ते फुगे म्हणजे इंट्रॉन. १९९३ चं नोबेल शार्प-रॉबर्ट्स यांना मिळालं. पण सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या सुझन बर्गेट आणि लुईझ चाऊ यांची नावं मी वर्गात नेहमी घ्यायचो. इंट्रॉन-एक्सॉन हे शब्द वॉल्टर गिल्बर्ट यांचे, १९७८ चे.

बोरिवली_स्लो
शुक्रवार, संध्याकाळी ७.४५

पण निसर्गाने एवढी उधळपट्टी का करावी? ९८० अक्षरं लिहायची आणि पुसायची. आमच्या ऑफिसात असं केलं तर ऑडिटवाले धरतील.

कोथिंबीर_जुडी
शुक्रवार, रात्री ८.००

तुमचं नावच उत्तर आहे. मार्ग तोच, स्लो सगळीकडे थांबते, फास्ट काही स्टेशनं गाळते.

जुना_मास्तर
शनिवार, पहाटे ५.२०

जुडीताईंचं उदाहरण चालेल, एका दुरुस्तीसह. लोकलचं वेळापत्रक कंट्रोल रूममधून ठरतं, इथे कंट्रोल रूमच नाही. कुठल्या पेशीत कुठली प्रथिनं किती आहेत त्यावर कुठला एक्सॉन घ्यायचा नि कुठला गाळायचा हे ठरत जातं. कॅल्सिटोनिनचं जनुक घ्या. थायरॉइडमध्ये त्याच्या कच्च्या नकलेतून कॅल्सिटोनिन हे संप्रेरक निघतं, आणि चेतापेशींत (नसांच्या पेशींत) त्याच नकलेतून वेगळे तुकडे जोडून सीजीआरपी नावाचा भलताच रेणू. मायग्रेनची नवी औषधं ज्याला अडवतात तो हाच. एकाहून जास्त एक्सॉन असलेल्या माणसाच्या जनुकांपैकी सुमारे ९५ टक्के जनुकं असे पर्याय वापरतात. फळमाशीचं डीस्कॅम नावाचं एक जनुक तर ३८,०१६ प्रकारे जोडता येतं.

तरीही सगळ्या इंट्रॉनांना काहीतरी थोर काम असतंच, असं मी म्हणणार नाही. काही नुसतेच साचलेले असावेत. घरातल्या माळ्यावर काय काय असतं, आठवा.

निळी_शाई
शनिवार, सकाळी १०.३०

उपचाराचं राहिलं, मास्तर. खोटी खूण झाकता येते का?

तिसरी_शिफ्ट
शनिवार, दुपारी २.१५

मास्तरांच्या आधी मी. होय, तत्त्व तेच. खुणेवर बरोबर बसेल असा छोटा तुकडा बनवून ती झाकायची. १९९३ मध्ये १-११० च्या आरएनएवर हे परीक्षानळीत करून दाखवलं होतं, तिथे खोटी खूण झाकायची होती. १-५ मध्ये खरी खूणच पुसट झालीय, नुसतं झाकून भागत नाही.

माणसांत हे तत्त्व सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते एसएमए या लहान मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात. एसएमएन-१ जनुक गेलेलं असतं. जवळजवळ तसंच एसएमएन-२ हाताशी असतं, पण एका अक्षराच्या फरकामुळे त्याचा सातवा एक्सॉन बहुतेक वेळा गाळला जातो. शेजारच्या इंट्रॉनमध्ये "हा एक्सॉन गाळा" असं सांगणारी एक जागा आहे. न्यूसिनर्सेन हे औषध ती झाकतं, मग एक्सॉन आत येतो. अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये परवानगी मिळाली, मागे एड्रियन क्रेनर यांचं अनेक वर्षांचं काम. इथेही बघा, नाडी इंट्रॉनमध्येच. किमतीबद्दल बोलत नाही, रात्रपाळीत रडायचं नसतं.

चर्नीरोडचा
रविवार, दुपारी १.२०

मुलाचा रिपोर्ट आला. एचबी ए२ २.६, बाकी आकडेही नॉर्मल. समुपदेशक मॅडमनी दोघांना समोर बसवून अर्धा तास समजावलं.

आणि एक उलगडा. बहिणीला कॉलेजपासून "हिमोग्लोबिन कमी" म्हणून एका डॉक्टरांनी तीन वर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, फरक शून्य. मॅडम म्हणाल्या, लोह तपासून कमी असेल तरच घ्यायचं. हिला लोह कमी नव्हतंच, ग्लोबिन कमी होतं. मामी म्हणते, तीन वर्षं त्या पोरीला पोट बिघडवून गोळ्या गिळायला लावल्या मी.

मामीला मी शिवणताईंच्या खुणांवरून समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती कात्रणं कुठे जातात?" मास्तर, आता सांगा.

जुना_मास्तर
रविवार, संध्याकाळी ५.४५

मामींना नमस्कार सांगा, प्रश्न पहिल्या बाकावरचा आहे.

सरगाठ गळून पडली की केंद्रकातलं एक विकर (एन्झाइम) तिची गाठ सोडवतं, मग तो सरळ धागा दुसरी विकरं टोकापासून खात जातात. सुटी झालेली अक्षरं पुन्हा नव्या नकला लिहायला वापरली जातात. काही इंट्रॉनांच्या पोटातून मात्र छोटे कामाचे आरएनए जपून काढले जातात, इतर आरएनएंवर बारीक रासायनिक खुणा करायला ते उपयोगी पडतात.

शिवणयंत्र
रविवार, संध्याकाळी ६.०५

आमच्याकडे कात्रणांची गोधडी होते.

चर्नीरोडचा, मुलीचे ब्लाऊज कुठे टाकलेत? लग्नसराईत ऐन वेळी आलात तर मी घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.